निर्वासितांच्या छावणीत नोकरी? आधी तालुका बघा

इंदिरानगरातल्या मराठी घरांत करिअरची चर्चा साधारण दोनच वाटांवर फिरते: कॉम्प्युटर सायन्स, नाहीतर नीट. अशा घरात बारावीतली मुलगी म्हणते, ‘मला निर्वासितांच्या छावण्यांत आरोग्याचं काम करायचंय.’ आईच्या डोळ्यांसमोर गाझा येतं, बाबांच्या डोळ्यांसमोर पगाराची स्लिप. दोघांचीही काळजी रास्त आहे. पण हे काम नेमकं काय असतं, याची कल्पना दोघांना नसते आणि बहुतेकदा मुलीलाही नसते. तिच्या मनात बहुधा तंबूत ऑपरेशन करणारा सर्जन असतो.

तो असतोही. पण छावणीत माणसं गोळीपेक्षा जुलाब, गोवर, न्यूमोनिया, हिवताप आणि कुपोषणाने जास्त मरतात. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस हे बालरोगतज्ज्ञ. त्यांनी एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात पुड्या करून घेतल्या आणि ते पाणी पाजायचं काम आयाबहिणींवर सोपवलं. त्या वेळी सलाईनशिवाय कॉलरा बरा होईल, यावर बऱ्याच डॉक्टरांचा विश्वास नव्हता. मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मला मात्र या पुड्यांसाठी कोलकात्यातल्या एका खोलीत बसून मीठ-सोडा तोलणाऱ्या आणि पिशव्या सीलबंद करणाऱ्या माणसांबद्दल जास्त कुतूहल वाटतं. हे क्षेत्र मुख्यतः त्यांच्यावर चालतं.

मदतकार्यात ‘स्फिअर’ नावाची मानकं पाळली जातात. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी. वीस माणसांमागे एक संडास. दहा हजारांमागे दिवसाला एक मृत्यू झाला की परिस्थिती आणीबाणीची. आता पन्नास हजारांची छावणी धरा. रोज साडेसात लाख लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे पंचाहत्तर टँकर, आणि अडीच हजार संडास. २०२४च्या उन्हाळ्यात बंगळुरूत टँकरची वाट पाहिलेल्यांना हे गणित वेगळं समजवायला नको. पाण्याचा इंजिनिअर, गोवराच्या लसीची शीतसाखळी सांभाळणारा फार्मासिस्ट, मृत्यू मोजणारी संख्याशास्त्रज्ञ, नर्स, समुपदेशक, गोदामाचा व्यवस्थापक: सगळ्यांना इथे जागा आहे. नीटला नंबर लागला नाही म्हणून ही वाट बंद होत नाही.

आपल्या माणसांना निर्वासित नवे नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत भूमीतून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले. त्यांच्या छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, स्वतःचं हॉस्पिटल होतं. ते गेल्यावर तिथेच फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित वसले. आजचं गांधीनगर ते हेच. बंगळुरूकरांना तर इतिहासात जायचीही गरज नाही. बैलकुप्पेला १९६१पासून आणि हुबळीजवळच्या मुंडगोडला १९६६पासून तिबेटी वसाहती आहेत. तिबेटी निर्वासितांमध्ये क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळत आलंय. वसतिगृहांत आणि मठांत दाटीने राहणाऱ्या तरुणांची तपासणी कशी करायची, हा तिथला जिवंत प्रश्न आहे. म्हैसूरच्या सहलीत बैलकुप्पेचं सुवर्णमंदिर बघून परत फिरण्याऐवजी मुलीला तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांशी बोलू द्या.

शिक्षणाचं थोडक्यात. आधी पदवी: वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, समाजकार्य, संख्याशास्त्र, सिव्हिल, काहीही. मग सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच. मुंबईची टिस, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, त्रिवेंद्रमची श्री चित्रा या ठिकाणी चांगले अभ्यासक्रम आहेत. बंगळुरूत निम्हान्समध्ये एमपीएच आहे, शिवाय आपत्तीतल्या मानसिक आधारासाठी स्वतंत्र विभागही आहे. टिसमध्ये आपत्ती व्यवस्थापनही शिकवतात. कुठे कोणत्या पदवीला प्रवेश आहे, ते संस्थेच्या संकेतस्थळावर पाहा. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. लंडन किंवा बाल्टिमोरच्या पदव्या उत्तम, पण पदवी होताच कर्ज काढून तिकडे धावणं मला पटत नाही.

कारण या क्षेत्रात बिनअनुभवी माणसाला कोणी विमानाचं तिकीट देत नाही. ‘मेडसाँ साँ फ्राँतिएर’सारखी संस्था पदवीनंतर साधारण दोन वर्षांचं प्रत्यक्ष काम मागते. ते काम मेळघाटात, नंदुरबारला, रायचूरला मिळतं. आफ्रिकेतल्या छावणीत मुलांच्या दंडाला जी रंगीत पट्टी लावतात, तीच धडगावच्या अंगणवाडीताई लावतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की मूल तीव्र कुपोषित. २०१९चा सांगली-कोल्हापूरचा महापूर ओसरल्यावर विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकणं, लेप्टोच्या गोळ्या वाटणं, निवारा केंद्रातल्या गरोदर बायकांची यादी करणं ही शुद्ध मानवतावादी आरोग्यसेवाच होती, फक्त तिला तसं कोणी म्हटलं नाही. मुलगी आज बारावीत असेल तर इंदिरानगराच्या आसपासच्या ‘नम्म क्लिनिक’मध्ये आशा कार्यकर्तीबरोबर चार घरं फिरू दे, परवानगी घेऊन. तिला घरोघरी रजिस्टर भरण्याचा कंटाळा आला, तर ते आत्ताच कळलेलं बरं. आणि फ्रेंच. काँगो, चाड, नायजर इथे ती लागते. वसंतनगरचं अलियाँस फ्राँसेज मेट्रोने काही लांब नाही.

आता बाबांचा प्रश्न. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरमधल्या नवख्यापेक्षा कमीच असेल आणि नोकरी कंत्राटी असेल. संयुक्त राष्ट्रांत पगार बरा, पण तिथेही कंत्राट. २०२५मध्ये अमेरिकेने परदेशी मदत कापली, यूएसएड बंद झाली आणि जगभर या क्षेत्रातल्या असंख्य नोकऱ्या गेल्या. दुसरीकडे जगात विस्थापितांची संख्या बारा कोटींच्या घरात आहे, म्हणजे काम आहे, पैसा आटलाय. म्हणून हातात अशी पदवी हवी, जी देशातल्या सरकारी आरोग्य यंत्रणेत किंवा साथरोग सर्वेक्षणातही चालेल.

आईच्या प्रश्नाचं उत्तर गोड करून सांगता येत नाही. २०१५मध्ये अफगाणिस्तानात कुंदूझच्या हॉस्पिटलवर हवाई हल्ला झाला, ४२ माणसं गेली. २०२४ हे मदतकार्यकर्त्यांसाठी तोवरचं सर्वांत घातक वर्ष ठरलं, ३८०हून अधिक जण मारले गेले. त्यातले बहुतेक त्या-त्या देशातलेच होते, बाहेरून गेलेले थोडे. चांगली संस्था जाण्यापूर्वी सुरक्षेची माहिती देते, विमा उतरवते आणि नको म्हणण्याचा हक्क देते. मुलाखतीत हे तिन्ही विचारायला मुलीला सांगा. उडवाउडवी झाली तर ती नोकरी सोडा.

आणखी एक. ‘युनोत नोकरी लावून देतो’ म्हणून फी मागणारे एजंट पालकांच्या या काळजीवरच जगतात. संयुक्त राष्ट्रं भरतीसाठी कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत, अर्जाचेही नाहीत आणि मुलाखतीचेही नाहीत.