एक साचा, अनेक पानें

शाळेच्या संकेतस्थळावरील दहा पानांवर सूचनेची चौकट हवी आहे, असें आपण समजूं. ती दहा वेळां निरनिराळी मांडिली, तर रंग बदलतांना एखादें पान हटकून राहून जातें. हें टाळण्यासाठीं वर्डप्रेस ह्या साधनांत २०१८ सालीं पुन्हा पुन्हा वापरतां येणारे ठोकळे आले. मूळ ठोकळा सुधारला कीं सर्व पानें सुधारत.

परंतु त्यांत एक उणीव होती. एका पानावर परीक्षेची तारीख बदलली, तर ती दहाही पानांवर बदले. ठोकळा मुळापासून तोडल्यास पुढील सुधारणा त्यास पोंचत नसे.

२०२४ सालच्या ६.६ ह्या आवृत्तींत ह्यावर उपाय झाला. शीर्षक, परिच्छेद, चित्र व बटण ह्यांपैकीं कोणता भाग पानागणिक बदलतां यावा, हें मूळ साच्यांतच ठरवितां येऊं लागलें. अशा भागास नांव द्यावें लागतें. त्या नांवावरूनच प्रत्येक पानाचा मजकूर ओळखला जातो.

म्हणून आम्ही असें सुचवितों कीं, साचा करण्यापूर्वीं स्थिर काय व बदलतें काय, ह्याची यादी कागदावर करावी; आणि बदलत्या भागांसच मोकळीक द्यावी. सर्वच मोकळें सोडिलें, तर साचा हवा कशाला?