खो म्हणणारे पाहुणे

पालकहो, आज अभ्यासाचं बोलायचं नाही. माझी एक चूक तुमच्यापुढे कबूल करायची आहे. त्या चुकीत तुम्हीही थोडे वाटेकरी आहात, म्हणून इतर कुणाला न सांगता तुम्हालाच सांगते.

मी मोहाडी तालुक्यातलीच. बापाची धानाची शेती, मी मास्तरीण. शाळा सुटली की मुलींचा खो-खो घेते. मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्या देशात भरवायच्या म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. त्याला कारणंही होती. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाली. तिच्या तोंडावर स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला आणि मागून घोटाळ्याच्या बातम्यांची रांग लागली. पुढे वाचलं की कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराला १९७६च्या ऑलिंपिकचं कर्ज फेडता फेडता तीस वर्षं लागली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०२६ची राष्ट्रकुल स्पर्धा खर्चाला घाबरून चक्क परत केली. एवढ्या श्रीमंतांची ही गत, आणि आमच्या शाळेच्या मैदानात पावसाळ्यात म्हशी बसतात. मी हे सगळं स्टाफरूममध्ये बोलायची, पालकसभेत बोलायची, वर्गातही बोलायची. तुम्ही माना डोलवायचात.

त्याच दिल्लीत नाशिकच्या कविता राऊतनं दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय बाईनं धावपट्टीवर मिळवलेलं ते पहिलं वैयक्तिक पदक. कोसळलेला पूल मी वर्गात दहादा सांगितला असेल. कविता एकदाही सांगितली नाही.

जानेवारी २०२५मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक दिल्लीत भरला. खरं तर मी नाचायला हवं होतं. पण मुलींना म्हणाले, "कसला विश्वचषक? चार देशांतले लोक गोळा करून आणले असतील. हे पैसेवाल्यांचे खेळ, आपल्याला त्यातून काय मिळणार?" तिळसंक्रांतीच्या दिवशी भारताच्या मुलींचा दक्षिण कोरियाशी सामना होता. तो आम्ही माझ्या फोनवर पाहिला. सात-आठ डोकी एका फोनवर, कुणाच्या हातात तिळाचा लाडू, कुणाची वेणी माझ्या चष्म्यावर. आपण १७५, कोरिया १८. हा काय सामना झाला, असं मी पुटपुटलेसुद्धा.

तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीनं फोन हिसकल्यासारखा जवळ ओढला आणि कानाला लावला.

"मॅडम, कोरियाच्या पोरीबी 'खो'च म्हणतेत?"

हो, खोच म्हणतात. दुसरं काय म्हणणार? तो शब्द आपला, आणि खेळाचे नियमही पहिल्यांदा १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात बांधले गेले. पण हे मला माहीत होतं म्हणून मला त्याचं काही वाटलं नव्हतं. ती मुलगी त्या संध्याकाळी प्रत्येक खो कोरियाच्या सुरात देत होती. पाठीवर थाप, आणि एक बारीक, तुटका 'खो'. सगळ्या पोरी हसून लोळायच्या बाकी राहिल्या होत्या.

१९ तारखेला प्रियांका इंगळेच्या भारतीय संघानं नेपाळला ७८–४० हरवून चषक घेतला. प्रतीक वाईकरच्या संघानं मुलांचाही घेतला. आणि फेब्रुवारीत आमची ही आठवीतली मुलगी सरावाला यायची बंद झाली. खांबाला हात घालून गिरकी मारावी तर तिनंच. मी घरी गेले. तिची माय अंगणात लाखोरी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "तुमीच तं म्हनलं ना मॅडम, हे पैसेवाल्यांचे खेळ हायेत म्हनून. मंग कायले पाठवाव?"

माझंच वाक्य. मी सरकारला, क्रीडासंघटनांना, टीव्हीतल्या मोठ्या लोकांना उद्देशून बोलले होते. त्यांच्यापैकी एकालाही ते ऐकू गेलं नाही. ऐकू गेलं एका तेरा वर्षांच्या पोरीला, आणि तिची संध्याकाळ गेली.

घरी येताना मला माझा बाप आठवला. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते ते तुम्हाला काय सांगायचं. आमच्या गावची मंडई जवळ आली की बापाची कुरकुर सुरू व्हायची. पाहुण्यांच्या जेवणात धानाचं पोतं जातं, मग लेकीजावयांचं लुगडं-धोतर, वरून दंडारीची वर्गणी. हिशेब खरा होता, घरात उधारीच असायची. पण ही कुरकुर तो मायजवळ करायचा, रात्री, चुलीपुढे. सकाळी आत्या दारात उतरली की पाय धुवायला पाणी घेऊन सगळ्यांत आधी तोच पुढे. मंडई परवडत नाही हे आम्हा पोरांना मोठेपणी कळलं. लहानपणी आम्हाला एवढंच माहीत होतं की आपल्या गावाला लोक येतात. दंडारीत नाचणारा पोरगा शेजारचाच असायचा, पण बाहेरगावचे लोक बघायला बसले की तो वेगळाच दिसायचा.

आपला खेळ बाहेरच्यांना दाखवणं आपल्या विदर्भाला नवं नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माणसं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली. आता त्या ऑलिंपिकचा यजमान हिटलर होता आणि त्यानं तो सगळा थाट कशासाठी मांडला ते इतिहासात आहे. म्हणजे यजमानाकडे संशयानं बघू नये असं मी मुळीच म्हणत नाही. पण तेव्हा आपला खेळ दाखवायला समुद्र ओलांडून जावं लागलं होतं, आणि आता खो-खोच्या विश्वचषकाला ब्राझील, पेरू, केनियाची माणसं आपल्याकडे येऊन खांबाभोवती गिरक्या मारत होती. ते मला दिसलं नाही, कारण मी खर्चाकडे बघत बसले होते.

२ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना होता. पावसानं उशिरा सुरू झालेला, संपता संपता मध्यरात्र उलटली. आमच्याकडे मंडईचे दिवस. मांडवात नाटक रंगात आलेलं आणि मांडवाच्या मागे बाया-पोरी फोनला चिकटलेल्या. दीप्ती शर्मानं पाचवा बळी घेतला आणि आपण ५२ धावांनी जिंकलो, तेव्हा मागून असा ओरडा उठला की नटाला आपला संवाद थांबवावा लागला. एक आजी विचारत होती, "कोनाची पोरगी हाय व ते?" मीही ओरडत होते. आठी कुठे गेली होती कोण जाणे.

त्याच महिन्यात २०३०ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली. बातमी वाचली आणि खरं सांगते, आठी परत आली. किती पैसे लागतील, स्पर्धेनंतर त्या मैदानांवर कोण खेळेल, आपल्या तालुक्याच्या वाट्याला काय येईल, हे प्रश्न मी विचारणारच. तुम्हीही विचारा. ग्रामसभेत विचारा, मत मागायला येतात त्यांना विचारा, वर्तमानपत्राला पत्र लिहा, मी शुद्धलेखन तपासून देते. फक्त जेवताना, पोरांच्या ताटापुढे नको. मोठ्यांना आपण शंका म्हणून बोलतो, पोरांच्या कानाला ती 'तू जाऊ नको' अशी ऐकू येते. २०३०मध्ये आमची ती कोरियाच्या सुरात खो देणारी मुलगी एकोणीस वर्षांची असेल. ती अहमदाबादला पोचेल असं मी म्हणत नाही, बहुधा नाहीच पोचणार. पण तिथं जाता येत नाही हे तिला तिच्या पायांनी कळू द्या, माझ्या तोंडानं नको.

मी तेव्हाच तिच्या मायजवळ चूक कबूल केली. ती काही बोलली नाही, पण पुढच्या सोमवारपासून पोरगी आली. रोवणीत महिनाभर पुन्हा नव्हती. कापणीतही नसते. त्यावर माझं भांडण नाही, धान कुणासाठी थांबत नाही. सात वाजता अंधारात एकटी कशी येईल ही तुमची काळजीही खोटी नाही, म्हणून आता सराव सहाला संपवते आणि मुली दोघी-तिघींच्या जोडीनं घरी जातात.

एक अडचण मात्र माझ्यानं सुटत नाही. मोठ्या मुलींचं मैदान २७ मीटर लांब लागतं. म्हशींच्या खुरांनी मागची आखणी पुसली आहे. फक्की संपली, तर खिचडीच्या चुलीची राख चाळून ठेवली आहे. पण मी टेपचं एक टोक धरलं की दुसऱ्या टोकाला मुलगी उभी करावी लागते, ती हलते, आणि रेघ तिरपी जाते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोन बाप या. चपला काढून या, राख ओली आहे.