शेतकऱ्यांच्या बँकेची इमारत

मंडळी, मागच्या पाठात आपण बँकेचे पासबुक वाचायला शिकलो. आता बँकेच्या एका इमारतीची गोष्ट वाचू. ही इमारत आपल्याकडची नाही, लांब अमेरिकेत आहे. पण ती शेतकऱ्यांच्या बँकेची, म्हणून आम्ही ती निवडली.

अमेरिकेत मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तिथे थंडी अशी की हिवाळ्यात तळी गोठतात. त्या राज्यात ओवाटोना हे गाव आहे. आपल्याकडे तालुक्याचे गाव असते ना, तसेच. १९०६ साली तिथे पाच-साडेपाच हजार माणसे राहत असत. चहूकडे शेती आणि दुभती जनावरे. लोण्याचा धंदा मोठा.

त्या गावात नॅशनल फार्मर्स बँक होती. फार्मर म्हणजे शेतकरी. बँकेचा कारभार बेनेट घराण्याकडे होता. त्यातले कार्ल बेनेट हे शिकलेले, गाण्याबजावण्याचे शौकीन. बँकेला नवी इमारत बांधायचे ठरले. त्या काळी तिकडे बँका कशा बांधत? पुढे मोठमोठे दगडी खांब, जुन्या ग्रीक देवळाची नक्कल. आत शिरणारा माणूस आधी दबकलाच पाहिजे! बेनेट यांना हे नको होते.

अशात त्यांच्या वाचनात एका मासिकातला लेख आला. लेख लिहिणारे लुई सलिव्हन हे शिकागो शहरातले नामांकित वास्तुशिल्पी, म्हणजे इमारतींची आखणी करणारे. जुन्याची नक्कल करू नका, इमारतीचे काम काय ते पाहा आणि त्यावरून तिचे रूप ठरवा, असे त्यांचे मत. बेनेट यांनी त्यांना पत्र लिहिले. एका लेखामुळे एवढी इमारत झाली. वाचता येण्याचा असाही उपयोग होतो बरं का!

१९०८ साली इमारत पुरी झाली. बाहेरून पाहिली तर एखादी मोठी चौकोनी पेटीच. एकेक बाजू ६८ फुटांची. खाली तांबूस दगड, वर विटा. विटा एका रंगाच्या नाहीत, तांबड्या-तपकिरी छटांच्या, त्यामुळे भिंत गालिच्यासारखी दिसते. रस्त्याकडच्या दोन्ही भिंतींत भल्या मोठ्या कमानी आणि त्यांत रंगीत काच. भोवती भाजलेल्या मातीची हिरवी-पिवळसर वेलबुट्टी. ही नक्षी काढण्यात सलिव्हन यांचे मदतनीस जॉर्ज एल्म्सली यांचा मोठा हात होता.

आत गेले की काचेतून हिरवा-सोनेरी उजेड उतरतो, जणू पिकाच्या शेतात उभे आहोत. छताखाली बिडाचे चार प्रचंड दिवे टांगलेले. एकेकाचे वजन दोन टनांहून जास्त! भिंतींवर दोन मोठी चित्रे आहेत. एकात कुरणातल्या गायी, दुसऱ्यात पिकाची कापणी. आणि शेतकऱ्यांना आपसांत बसून बोलायला वेगळी खोलीही ठेवली होती. आम्हाला या साऱ्यात ही खोली फार आवडते.

पण पुढचे दिवस वाईट आले. पहिल्या महायुद्धात धान्याला भाव चढला, तेव्हा तिकडच्या पुष्कळ शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या. १९२० नंतर भाव कोसळले. कर्जे थकली, गावोगावच्या बँका बुडू लागल्या. १९२६ साली ही बँकही बंद पडली. कार्ल बेनेट यांचे सारे गेले. सलिव्हन तर १९२४ सालीच शिकागोत अगदी गरिबीत वारले होते.

इमारत दुसऱ्या बँकेकडे गेली. १९४० साली नव्या सोयीसाठी आतली मोडतोड झाली. पैसे देण्याघेण्याच्या खिडक्यांना नक्षीच्या सुंदर जाळ्या होत्या, त्या निघाल्या. मातीची नक्षीही पुष्कळ गेली. कोणी दुष्टाव्याने केले नाही. जुने झाले, जागा अडते, काढा, एवढेच.

आम्हाला हे कळते, कारण आम्हीही तेच केले आहे. आमच्या शाळेला सागवानी कोरीव चौकट होती. बाके आत न्यायला दार रुंद हवे होते. आमच्याच सहीने ती चौकट मोडीत निघाली. बाके कधीच मोडली. चौकटीची आठवण मात्र जुने विद्यार्थी अजून काढतात, आणि आम्ही विषय बदलतो.

कोणी म्हणेल, बँक बुडाली, मग भिंतींचे काय कौतुक? पण त्या गावात शेतकऱ्याच्या गायीला आणि कापणीला बँकेच्या भिंतीवर मानाची जागा दिली होती. ती भिंत गेली असती तर हे कोणाला दिसले असते?

नशिबाने तिथल्या बँकवाल्यांना पुढे हे उमगले. १९५७-५८ साली हार्वेल हॅमिल्टन हॅरिस या वास्तुशिल्प्याकडून त्यांनी इमारत सावरून घेतली. नव्या कामाची सोय केली आणि जुने उरलेले जपले. गेलेले सगळे काही परत आले नाही. खिडक्यांच्या त्या जाळ्यांपैकी काही आता कलासंग्रहालयांत ठेवल्या आहेत. १९७६ साली अमेरिकन सरकारने ही इमारत राष्ट्रीय महत्त्वाची ऐतिहासिक वास्तू ठरवली. १९८१ साली तिचे चित्र टपाल तिकिटावर छापले. तिकीट अठरा सेंटांचे, साध्या पत्राला लावायचे.