कानाने शिकणे, मनाने गाणे

शास्त्रपाठ : १ करिंथ १४:६-१९

तापी लाईनने सुरतेकडे आलेली अनेक खानदेशी कुटुंबे आज चलथाणच्या आसपास स्थायिक आहेत. आमच्या उपासनेला येणारी त्यांची मुले शाळेत गुजराती शिकतात. मराठी घरी आणि मंडळीत कानावर पडेल तेवढीच. 'उपासना संगीता'तील गीते ती सुरात म्हणतात, पण पुस्तक हाती दिले की अडखळतात, आणि अर्थ विचारला तर एकमेकांकडे पाहतात. म्हणून तरुणांच्या वर्गात आम्ही काही आठवडे लॅटिन ग्रेगरियन गायनाचा अभ्यास घेतला. "आपण प्रॉटेस्टंट, आपला लॅटिनशी काय संबंध?" असे एका वडील सभासदांनी विचारले. प्रश्न रास्त होता.

पश्चिमेकडील मंडळीने हजाराहून अधिक वर्षे लॅटिनमध्ये उपासना केली. ह्या गायनाला पोप पहिला ग्रेगरी (५९०-६०४) ह्याचे नाव असले, तरी त्याचे आजचे रूप ८ व्या-९ व्या शतकांत फ्रँक लोकांच्या राज्यात घडले. स्वर नेमके लिहिण्याची सोय नव्हती. गुरूने म्हणावे, शिष्याने म्हणावे. आपल्याकडील वेदपाठ्यांची रीत वाचकांना आठवेल. ११ व्या शतकात अरेत्सोच्या ग्वीदोने रेघांवर स्वर मांडून दाखवले आणि दहा वर्षांचे काम एकदोन वर्षांत होते असे लिहिले. मार्टिन ल्यूथरनेही लॅटिन टाकून दिले नाही. १५२६ मध्ये जर्मन उपासना सिद्ध करताना, तरुणांसाठी लॅटिन चालू राहावे असेच त्याने म्हटले.

इतक्या दूर कशाला? गोव्यात चर्चच्या शाळांतून गायनमास्तरांनी मुलांना स्वर शिकवले, आणि तेथे उपवासकाळात लॅटिन मोतेत आजही गातात. वसईच्या कॅथलिक गावांतही व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या निर्णयानंतर मराठी येईपर्यंत लॅटिनच होती. आपल्या तोंडचे पाद्री, क्रूस, पाव हे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि मूळचे लॅटिन आहेत. 'देउस' व देव, 'पातेर' व पिता, 'नोमेन' व नाम ही तर जुनी भावंडेच!

शिकण्याची रीत साधी ठेवली. फ्रान्समधील सोलेम मठाच्या साधूंचे गायन १९३० मध्येच तबकड्यांवर उतरले होते. आता तसे गायन मोबाईलवर मिळते. परंतु आम्ही आरंभ गाण्याने केला नाही. प्रथम एक ओळ नुसती बोललेली ऐकायची, थांबायचे, मोठ्याने म्हणायची. इंग्रजी अक्षरे पाहिली की मुले इंग्रजीच वाचतात, म्हणून कागद बाजूला ठेवला. 'आन्युस' ऐकलेल्याने 'अॅग्नस' म्हटले नाही. पण ज्याने चोरून कागद पाहिला त्याने हटकून म्हटले! च, ज, न्य हे उच्चार आपल्या जिभेला परके नाहीत, आणि स्वरही मराठीसारखे स्वच्छ. नंतर त्या शब्दांचा अर्थ मराठीत सांगायचा. मग सारी ओळ एकाच स्वरावर, आणि शेवटी चालीवर. आपला आवाज मोबाईलवर भरून मूळ आवाजाशी ताडून पाहिला, तेव्हा आमचीच घाई आमच्या ध्यानात आली. ह्या गायनाला ठेका नाही. वाक्य संपते तेथे श्वास. स्तोत्राच्या चालीत तर बहुतेक शब्द एकाच स्वरावर जातात व शेवटी थोडे वळण येते, म्हणून लांबआखूड ओळी एकाच चालीत बसतात. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या आमच्या एका आजींना हे लगेच कळले, मुलांना उशिरा.

अर्थाची पायरी गाळण्याचा मोह फार होतो, कारण चाल गोड असते. ऑगस्टीनने आपल्या 'कबुलीजबाबा'च्या दहाव्या भागात हीच अडचण मांडली आहे: शब्दांपेक्षा सुराने आपण अधिक हलतो, तेव्हा आपण अपराध करतो असे त्याला वाटे. तरीही गायन बंद करावे असे त्याने म्हटले नाही. पौलानेही करिंथकरांना गाऊ नका असे सांगितले नाही. आत्म्याने गा आणि बुद्धीनेही गा, असा त्याचा आग्रह आहे. न समजणाऱ्या दहा हजार शब्दांहून समजलेले पाच शब्द त्याला बरे वाटतात.

लॅटिनचा अर्थ आम्ही विचारला, कारण ती परकी होती. मराठी आपली, म्हणून तिचा अर्थ आजवर विचारलाच नव्हता. चलथाणच्या मुलांना ती हळूहळू लॅटिनसारखी होत आहे, हे आम्हा शिक्षकांच्या उशिरा लक्षात आले. आता शब्बाथ शाळेत दर रविवारी नेहमीच्या गीताचे एकच कडवे घेतो: आधी बोलून, मग गुजरातीत अर्थ सांगून, आणि शेवटी पेटी. महिन्यात एकच गीत पुरे होते. पेटीवाल्या भाऊंची त्याबद्दल थोडी तक्रार आहे.