पहिले धनुष्य

२०२३ साली साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या १७ व्या वर्षी बर्लिन येथे धनुर्विद्येत जगज्जेती झाली. असा पराक्रम ऐकला की आपल्याही हाती भारी धनुष्य असावे, असे मुलांस वाटू लागते. परंतु प्रारंभ साध्या धनुष्यानेच करावा. रायगडच्या किनाऱ्यामागील डोंगरांतील कातकरी बांधवांचा तिरकमठा बांबूचाच असे. आणि आजही राष्ट्रीय स्पर्धांत बांबूच्या धनुष्याचा स्वतंत्र गट असतो.

धनुष्य निवडताना प्रथम त्याचा ताण पाहावा. तो पौंडांत मोजतात. शाळकरी मुलास १४ ते २० पौंड पुरेत. दोरी हनुवटीपर्यंत ओढून, हात न कापता काही क्षण धरता आली, तरच ते धनुष्य आपले समजावे. जड धनुष्याच्या हौसेपायी खांदा मात्र दुखावतो.

बाण आपल्या ओढीपेक्षा दोन-तीन बोटे लांब असावा. आखूड बाण आपल्याच हातात घुसण्याचे भय असते. नवशिक्याचे बाण हरवतात, मोडतात. म्हणून महाग कार्बनऐवजी लाकडाचे वा ॲल्युमिनियमचे सहा बाण घ्यावेत. तडा गेलेला बाण मात्र फुकट मिळाला, तरी सोडू नये. समुद्राच्या खाऱ्या हवेत पोलादी टोके गंजतात. ती पुसून ठेवावीत.

सहाही बाण लांबीने, वजनाने व लवचीकपणाने सारखे हवेत. ते सारखे नसतील, तर नेम बाणाने चुकविला की हाताने, हे कसे कळावे? सारखे बाण आपली चूक लपवू देत नाहीत. आणि ज्याला आपली चूक दिसते, त्याचाच नेम सुधारतो.