रब्बी कांदा: आधी काय, मग काय? कामांची आकृती काढा



सोयाबीन काढणी सुरू आहे. बऱ्याच जणांचं म्हणणं असतं, "रान मोकळं होऊ द्या, नांगरट झाली की कांद्याचं बी टाकू." या एका वाक्यात पंधरा-वीस दिवस जातात. म्हणून आज औषध-खताचा सल्ला नाही, कामांच्या क्रमाचा आहे. वहीचं मागचं पान आणि पेन घ्या.

आपण कामांची यादी एकाखाली एक लिहितो, आणि वरचं काम झाल्याशिवाय खालचं करायचं नाही असं धरून चालतो. खरं तर काही कामांतच आधी-नंतरचं बंधन असतं, बाकीच्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. गणितात याला *आंशिक क्रम* म्हणतात. तो कागदावर दाखवायची पद्धत जर्मन गणिती हेल्मुट हासे यांच्या नावानं *हासे आकृती* म्हणून ओळखली जाते. नाव अवघड आहे, काम सोपं आहे.

एक एकर कांद्याची ही 8 कामं घेऊ:
नांगरणी, माती नमुना, माती अहवाल, शेणखत टाकून कुळवणी, बेसल डोस व बेड, ठिबक अंथरणे, रोपवाटिकेत बी टाकणे, लावण.

प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: *हे काम कशावाचून अडतं?*

नमुना शेणखत टाकायच्या आधीच काढायचा, नाहीतर अहवाल रानाचा न येता खताचा येतो. अहवाल आल्याशिवाय बेसल डोस ठरत नाही. शेणखत नांगरटीनंतर. बेड शेणखत मुरल्यावर. ठिबक बेडनंतर. लावणीला ठिबकही लागतं आणि रोपही.

आता कागदावर सगळ्यात आधीची कामं तळाला लिहा, लावण सगळ्यात वर. तळाला तीन कामं येतील: नांगरणी, नमुना, बी. नमुन्यावरून दोन रेघा वर काढा, एक अहवालाला, एक शेणखताला. नांगरणीवरून एक शेणखताला. अहवाल आणि शेणखत दोन्हींवरून बेसल-बेडला. तिथून ठिबक, ठिबकवरून लावण. आणि बी टाकण्यावरून एकच लांब रेघ थेट लावणीला.

नमुन्यावरून लावणीला वेगळी रेघ काढू नका. नमुना लावणीच्या आधी येतो हे खरं, पण ते मधल्या रेघांतून कळतंच. असं गाळलं की 8 रेघांत काम भागतं. नाहीतर आधी-नंतरच्या एकूण 19 जोड्या होतात आणि कागदाचं कोळ्याचं जाळं होतं.

आता आकृतीत बघा. नांगरणी आणि बी यांच्यात रेघ आहे का? नाही, फिरून सुद्धा नाही. म्हणजे सोयाबीन उभं असलं तरी बी टाकता येतं. फक्त रोपवाटिका विहिरीजवळ किंवा दुसऱ्या तुकड्यात करायची. एकराला 2 गुंठे जागा पुरते. घरात दोन माणसं असतील तर एकानं रान बघावं, एकानं गादीवाफे.

यानंतर प्रत्येक कामापुढे दिवस लिहा. रानाच्या बाजूला अहवालाला 15 दिवस धरा, शेणखत मुरायलाही 15. बाकीची कामं धरून ही बाजू तीन-साडेतीन आठवड्यांत उरकते. बियाच्या बाजूला एकच रेघ आहे, पण तिची किंमत सुमारे 50 दिवस. *लावणीची तारीख ही रेघ ठरवते.* ट्रॅक्टर आठवडाभर उशिरा आला तर चालून जातं, बी आठवडाभर उशिरा पडलं तर लावण आठवडाभर पुढे गेलीच.

20 ऑक्टोबरला बी टाकलं तर 9 डिसेंबरच्या आसपास लावण. नांगरटीची वाट बघून 5 नोव्हेंबरला टाकलं तर 25 डिसेंबर. काढणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्याऐवजी तिसऱ्यात जाते. कांदा पोसायच्या वेळी ऊन वाढलेलं, वर वळवाच्या पावसाची धास्ती. चाळीत टिकवायच्या मालाला हे परवडत नाही.

उलटही ध्यानात घ्या. बी वेळेवर पडलं आणि रानच तयार नसलं तर रोप जून होतं, अशा रोपाला पुढे डेंगळे जास्त निघतात. रानाच्या बाजूला मोकळीक आहे, पण ती महिनाभराचीच.

एक गंमत सांगतो. काही जण म्हणतात, "रोप बघून टोळी सांगू, टोळीची तारीख मिळाली की बी टाकू." काढा बरं याची आकृती. रोप टोळीच्या आधी, टोळी बियाच्या आधी, बी रोपाच्या आधी. रेघा गोल फिरतात आणि तळाला एकही काम उरत नाही, म्हणजे सुरुवातच होत नाही. असा फेरा दिसला की एक रेघ तोडायची. इथे तोडायची ती टोळीची: आधी बी टाका, त्याच दिवशी 50 दिवस मोजून टोळीला तारीख सांगा.

ज्यांच्याकडे ठिबक नाही त्यांनी ते काम खोडून बेडऐवजी सपाट वाफे लिहावेत, बाकी आकृती तीच. ऊस किंवा मका निघाल्यावर कांदा घेणाऱ्यांनी तळाला पाचट-धाटं कुट्टी करण्याचं काम वाढवावं आणि नांगरणी त्याच्या वर घ्यावी.

आकृतीचा फोटो या रविवारपर्यंत आपल्या गटाच्या ग्रुपवर टाका. कुठली रेघ चुकली असेल तर तिथेच सांगू. माती नमुने कंपनीच्या संकलन केंद्रावर आणताना पिशवीवर नाव, गट नंबर आणि आधीचं पीक लिहायला विसरू नका.