तीर्थ घ्यायचा हात

पोरी, उद्यापासून तुझी कॅज्युअल्टीची रात्रपाळी सुरू. पुढच्या बाजूला निखळलेला खांदा तुला कुणी शिकवायला नको; पेशंट दुसऱ्या हाताने कोपर सावरत येतो, तेव्हाच दारातून कळतं. मला सांगायचंय ते मागच्या बाजूला निसटलेल्या खांद्याबद्दल. निखळलेल्या शंभर खांद्यांत असे दोन ते चार. त्यातले निम्मेअधिक पहिल्या तपासणीत हुकतात. एक माझ्याही हातून हुकला आहे.

पन्नाशीचे शेतकरी होते. रात्री फिट आली, सकाळी उजवा खांदा दुखतो म्हणून आले. समोरून काढलेला एक्स-रे मी उजेडावर धरला, सांधा जागेवर वाटला. खांदा आखडलाय म्हणालो, शेक आणि व्यायाम लिहून दिला. दोन महिन्यांनी त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, देवळात तीर्थ घ्यायला यांचा तळहात वळतच नाही. उपडाच राहतो." कोपर अंगाशी ठेवून मी त्यांचा हात बाहेर फिरवायला गेलो, तर तसूभरही हलेना. सीटीत दिसलं, खांद्याच्या गोळ्यात वाटीची कड रुतून खोल खाच पडली होती. पहिल्या दिवशी भूल देऊन ओढीने बसला असता तो खांदा. मला उघडून बसवावा लागला.

तेव्हापासून फिट येऊन गेलेल्या आणि शॉक बसलेल्या प्रत्येकाला मी सांगतो, "तीर्थ घेता तसा हात पुढे करा." तूही सांग. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक असो की आकडी, सगळे स्नायू एकदम आवळतात. हात आत फिरवणारे स्नायू बाहेर फिरवणाऱ्यांपेक्षा जबर, त्यामुळे गोळा मागे ढकलला जातो. पेशंट पडलेला असेलच असं नाही, म्हणून खांद्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आणि फिटमध्ये कधी दोन्ही खांदे निसटतात. मग दुसऱ्या बाजूशी ताडून पाहिलंस तर दोन्ही सारखेच दिसतील आणि फसशील.

समोरच्या एक्स-रेवर विसंबू नकोस. आत वळलेला गोळा बल्बसारखा वाटोळा दिसला की थांब. ॲक्झिलरी व्ह्यू मागच. टेक्निशियन म्हणेल, हात उचलत नाही. मग झोळी न काढता, पेशंटला मागे झुकवून वरून काढता येतो तो व्हेल्पो व्ह्यू, नाहीतर सीटी. फ्रान्सच्या मालगेन्य या सर्जनने 1855 साली असे 37 खांदे नोंदवले, आणि एक्स-रेचा शोध 1895चा. बोटांनी चाचपून ओळखले त्यांनी. पुढे कोराकॉइडचं हाड टोचतं, मागे गोळा भरतो. तुझ्याही बोटांना लागेल.

बसवताना घाई नको. तीन आठवड्यांच्या आतला असेल, खाच गोळ्याच्या पाव भागाहून लहान असेल आणि हाडाची मान मोडलेली नसेल, तरच ओढून बघ, तेही पूर्ण भूल देऊन. हात अंगाशी आणि आत वळलेलाच ठेवून ओढ दे, मदतनीस मागून गोळा पुढे दाबेल. खाच कडेवरून सुटली की हाताला कळतं. त्याआधी हात बाहेर पिळलास तर हाडाची मान मोडेल. सुटत नसेल तर सोडून दे आणि सीनिअरला फोन कर, मध्यरात्र असली तरी. खाच मोठी असेल तर मॅकलॉघलिनची शस्त्रक्रिया, गोळ्याचा जवळजवळ अर्धा भाग गेला असेल तर कृत्रिम सांधा. ते ठरवणं आमचं काम.

याहून दुर्मीळ म्हणजे हात डोक्यावर उभा अडकलेला पेशंट. तो ओळखायला कष्ट नाहीत, पण ओढण्याआधी आणि नंतर मनगटाची नाडी आणि खांद्यावरची संवेदना तपासून लिहून ठेव.

आणि मागचा खांदा बसला की नेहमीची झोळी बांधू नकोस. पोटावर घेतलेला हात आत वळतो, गोळा पुन्हा मागे सरकतो. पंजा समोर राहील, जरा बाहेरच झुकेल असा पट्टा, चार ते सहा आठवडे. घरच्यांना स्वतः बांधून दाखव, कारण घरी गेल्यावर कुणीतरी मायेने तो हात पोटाशी घेऊन ठेवतंच.